खोटी धाप

रविवार, ३ ऑक्टोबर. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. अंतर अठरा किलोमीटर पूर्ण, दहा शिल्लक. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाद्यांचं एक मोठं दुकान होतं आणि त्याची दर्शनी काच जमिनीपासून छतापर्यंत एकसंध होती. त्या काचेत त्याने स्वतःकडे पाहिलं. पाहण्याचं कारण शुद्ध तांत्रिक होतं. थकवा आला की तुम्ही कमरेतून पुढे झुकता, असं धावण्याच्या गटाच्या कोचबाई त्याला सांगत आल्या होत्या आणि तो झुकाव नेमका किती, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचं होतं. झुकाव होता. तो दुरुस्त करून त्याने तिथेच नजर काढून घेतली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण काच मोठी होती, आणि तिच्या डाव्या टोकाला, वीसेक पावलं मागे, त्याची बायको बुटाची नाडी बांधायला बसलेली दिसत होती. ती नाडी बांधत नव्हती. एक गुडघा जमिनीला टेकलेला, दोन्ही हात बुटावर नुसते ठेवलेले, आणि मान वर. ती त्याच्या पाठीकडे पाहत होती. दूध तापत ठेवून उभं असलेलं माणूस पातेल्याकडे पाहतं तशी, अजून किती वेळ आहे एवढाच अंदाज घेत. मग ती उठली. हात न टेकता उठली. अठरा किलोमीटर धावून आलेली अठ्ठावन्न वर्षांची बाई अशी उठत नाही. मधलं अंतर तिने थोड्याच लांब ढांगांत संपवलं, त्या ढांगांचा आवाजसुद्धा झाला नाही, आणि ती त्याच्या शेजारी येऊन पोचली. पोचली, आणि मग तिला धाप लागली.

मेली ही नाडी, असं ती धापा टाकत म्हणाली. दर रविवारी म्हणायची. दुहेरी गाठ मार म्हणून किती वेळा सांगायचं, हे त्याचं उत्तरही ठरलेलं होतं, पण त्या दिवशी ते त्याच्या तोंडून निघालं नाही. चौतीस वर्षं त्याने मोटरींच्या कारखान्यात चाचणी विभागात काढली होती. मोटर बाकावर चढवायची, तिच्यावर भार टाकायचा, आकडे घ्यायचे, आणि आकड्यांच्याही आधी कान द्यायचा. बेअरिंग कोरडं आहे की सैल, हे तो मीटरचा काटा स्थिर होण्यापूर्वी सांगत असे. आवाज भाराबरोबर येतो. भार उतरल्यावर सुरू होणारा आवाज त्याने आजवर ऐकला नव्हता. उरलेले दहा किलोमीटर तो फक्त ऐकत राहिला. तिची धाप त्याच्या धापेपेक्षा किंचित जलद होती, पण किंचितच, आणि ते किंचित कधी बदलत नव्हतं. त्याचा श्वास वाढला की तिचा वाढे. उतारावर त्याला थोडी उसंत मिळाली की तिलाही मिळे. पुलाच्या चढावर त्याच्या पोटऱ्या भरून आल्या, आणि त्याने काही म्हणण्याच्या आत ती म्हणाली, अहो, जरा हळू घ्या ना, मला नाही झेपत. त्याने वेग कमी केला. आठ महिने तो असाच वेग कमी करत आला होता, मोठ्या मनाने. गटात चहाच्या वेळी तो सांगायचाही, की हिच्यामुळे थोडं सांभाळून घ्यावं लागतं. त्यावर एक दातांचा डॉक्टर, गटातला सर्वांत चपळ माणूस, हसायचा आणि म्हणायचा, मीटरकाका, काकूंना सांभाळा बरं का. गटाने त्याचं नाव मीटरकाका ठेवलं होतं आणि त्या ओघात तिचं मीटरकाकू. त्या हसण्यात त्याला आजवर आपुलकी वाटत होती. आता पुलाच्या माथ्यावर, घाम डोळ्यांत उतरत असताना, त्याला ते हसणं पुन्हा ऐकू आलं आणि त्याचे कान तापले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

राग त्याला नवा नव्हता, पण तो बहुतेक वेळा बाहेरच्या गोष्टींवर असे, चुकीच्या मापाच्या वॉशरवर, वेळ न पाळणाऱ्या माणसांवर. हा राग तसा नव्हता. हा छातीत, बरगड्यांच्या खाली, घट्ट बसला होता आणि तिथून हलत नव्हता. त्याला गेल्या वर्षीची बस आठवली. स्पर्धेत जे मागे पडतात त्यांना उचलायला शेवटच्या धावकामागून एक बस येते. साडेपाच तासांत बेचाळीस किलोमीटर पार करण्याची ज्यांची चिन्हं नाहीत त्यांना ती आत घेते. चौतिसाव्या किलोमीटरपाशी एक मुलगी बसच्या पायरीवरून वाकून त्याला म्हणाली होती, काका, या ना आत, गार आहे. आणि तो गेला होता. आत पडदे होते, केळ्यांचा वास होता, एक तरुण मांडीवर टॉवेल पसरून त्यात तोंड खुपसून बसला होता आणि दुसरा फोनवर कुणाला तरी पटवून देत होता की पाय आज दुखलाच नसता तर. बस मागच्या रस्त्याने वळून समारोपाच्या मैदानावर गेली. ज्या कमानीखालून धावत यायचं त्या कमानीच्या पाठीमागून त्याला उतरवलं गेलं, सामान उतरवावं तसं. घरी आल्यावर त्याने बूट माळ्यावर टाकले. अडीच महिन्यांनी बायकोने ते खाली काढले, पुसले आणि म्हणाली, मी येऊ का सोबत? नुसती चालेन मागून. त्या वेळपर्यंत ती सुटणाऱ्या बसखेरीज कशासाठीही धावलेली नव्हती. त्याला बरं वाटलं होतं. त्याने फ्रिजच्या दारावर तिच्यासाठी तक्ता लावला, आठवड्याचं अंतर, वेग, विश्रांती. आणि आठ महिन्यांत तिची नव्हे, त्याची वेळ सुधारली. दर महिन्याला थोडी थोडी, नियमाने. ते श्रेय त्याने तक्त्याला दिलं होतं.

आता त्या श्रेयाचं काय करायचं? एका शाफ्टला दोन मोटरी जोडल्या आणि त्यांतली एक दणकट असली, तर दुसरी नुसती ओढली जाते. तिचा पंखा फिरतो, ती गरम होते, तिच्या मीटरवर आकडे येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं काय काम करते आहे. ते आकडे तिचे नसतात. म्हणून जोडण्यापूर्वी प्रत्येक मोटर एकटी चालवून पाहायची, हा चाचणी विभागाचा पहिला धडा. या एका गोष्टीवरून त्याने शिकाऊ मुलांना फैलावर घेतलं होतं, एकदा तर एका मुख्य अभियंत्यालासुद्धा सगळ्यांदेखत. आणि त्यानेच, घरात, स्वतःच्या बाबतीत, ती चाचणी घेतली नाही. बायकोचा वेग त्याने कधी मोजलाच नव्हता. ती बरोबर असते म्हणजे आपल्याइतकी, धापते म्हणजे आपल्याहून थोडी कमी, इतका तो हिशेब सरळ होता. तेव्हा आता प्रश्न असा होता की सहा आठवड्यांवर आलेल्या स्पर्धेत तो उतरणार होता ते कोणाच्या पायांवर. कमानीखालून तो साडेपाच तासांच्या आत गेला तरी ती वेळ कोणाची लिहायची. चौसष्टाव्या वर्षी माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं फार थोडं उरतं, आणि त्यातलाही आकडा खोटा निघावा, हे त्याला सहन होईना.

चार दिवस तो कामापुरतं बोलला. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी भाजी चिरत होती. तो दारात उभा राहिला. आत जायचं नाही हे त्याने आधीच ठरवलं होतं.

"तू एकटी किती धावू शकतेस?"

"मला कशाला एकटीला धावायचंय."

"ते विचारलेलं नाही मी."

"माझं काय हो. मी आपली तुमच्या मागे मागे."

"मागे नाही. मागे असल्याचं नाटक. गाद्यांच्या दुकानाच्या काचेत दिसलीस तू मला."

सुरी थांबली. ती रडेल किंवा नाही म्हणेल, या दोन्हींची त्याने तयारी केली होती. तिने सुरीने भाजी एका बाजूला सारली आणि म्हणाली, "मलाही दिसलात तुम्ही. पोट आत ओढून घेतलं होतंत." नळ नीट बंद नव्हता, त्याचे थेंब भांड्यात पडत होते, आणि तो तिने बंद केला. "मग मी काय करायला हवं होतं? पुढे जाऊन, वळून, तुमची वाट बघत उभं राहायचं होतं रस्त्यात? ते बरं दिसलं असतं?"

बरं दिसण्याचा संबंध काय, असं तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की संबंध पुष्कळ होता, आणि तो तिने त्याच्याआधी ओळखला होता, आणि म्हणूनच त्याचा राग आणखी एक पायरी वर चढला. त्याने सांगितलं की मंगळवारी सकाळी तंत्रनिकेतनाच्या मैदानावर तिची चाचणी होईल. दहा किलोमीटर, पूर्ण ताकदीने. ती म्हणाली की बरं, आणि पुन्हा चिरायला लागली, आणि तो दारातच उभा राहिला, कारण एवढ्या सहज होकारानंतर कुठल्या बाजूला जायचं हे त्याने ठरवलेलं नव्हतं.

मैदानावर तो घड्याळ घेऊन आतल्या कडेला उभा राहिला. पहिले दोन फेरे ती त्याच्या वेगाने धावली. नक्कल नव्हती ती, सवय होती. तिच्या पायांना तोच वेग ठाऊक होता. तिसऱ्या फेऱ्याला ती समोरून गेली तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, खोटं नको. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग तिचे खांदे खाली आले, कोपरं अंगाजवळ गेली, हनुवटी वर उचलली गेली आणि ती निघाली. आठ महिने ती त्याच्या शेजारी होती, त्यामुळे धावताना ती कशी दिसते हे त्याला माहीतच नव्हतं. शेजारच्या माणसाचा फक्त आवाज येतो आणि कधी कधी कोपर लागतं. आता ती मैदानाच्या पलीकडच्या कडेने जात होती, लहान, एकटी, आणि तिच्या धावण्यात कुठेही प्रयत्न दिसत नव्हता. लग्नाआधी ती कशी चालत असेल, कोणत्या घाईने कुठे जात असेल, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. त्याला ती मिळाली तेव्हा ती चालण्याचा वेग कमी करून झालेली होती. हे दृश्य सुंदर होतं. ते सुंदर आहे हे त्याला दिसत होतं आणि त्याचा त्याला भयंकर संताप येत होता. आपल्याच घरात भिंतीआड एक खोली होती आणि तिचं दार आपल्याला कुणी दाखवलं नाही, असा काहीतरी संताप. त्रेपन्न मिनिटं. दातांच्या डॉक्टरपेक्षाही दोन मिनिटं कमी. ती त्याच्यासमोर येऊन थांबली, कमरेवर हात ठेवून. तोंड लाल झालेलं, आणि धाप खरी. खरी धाप वेगळीच होती, तिला ताल नव्हता. "आता?" तिने विचारलं. तो म्हणाला, आता तू तुझी, मी माझा. स्पर्धेत नाव एकत्र दिलंय, असं ती म्हणाली. नंबर वेगळे असतात, असं त्याने सांगितलं.

त्यानंतर तो एकटा धावू लागला आणि एकट्याने धावताना विचार करू लागला, आणि विचार मागे मागे जाऊ लागला. मला नाही झेपत. हे तीन शब्द त्याने बत्तीस वर्षांत किती वेळा ऐकले असतील? गाडी शिकण्याचं सुरू केलं तेव्हा तिने दोन आठवड्यांत सोडून दिलं होतं, मला नाही झेपत म्हणून, आणि गाडी त्याचीच राहिली. जावई आला आणि पत्त्यांचा डाव पडला की ती त्याच्याकडून हमखास हरायची. नवऱ्याकडून मात्र अगदी थोडक्यात हरायची, रंगत राहील इतपत. त्याच कारखान्यात ती ड्रॉइंग विभागात नकाशे काढत असे, आणि तिच्या हातची रेघ इतकी एकसारखी असे की छपाईची वाटावी. त्या विभागाचं प्रमुखपद तिला देऊ केलं गेलं, तेव्हा ते पद त्याच्या पदापेक्षा एक पायरी वर होतं. ती घरी येऊन म्हणाली होती, माणसं सांभाळायचं मला नाही झेपणार. नको तर नको, असं तो म्हणाला होता. त्या रात्री आपल्याला चांगली झोप लागली हेही त्याला आठवत होतं, आणि ते का लक्षात राहावं हे कळत नव्हतं. आता तो पुलाच्या चढावर, पाय जड झालेले असताना, या एकेका प्रसंगाला बाकावर चढवून कान देत होता. ही धाप खरी की खोटी? पण जुन्या आवाजांची चाचणी घेता येत नाही. एकच साक्षीदार होता, आणि विचारलं तर तो साक्षीदार म्हणणार, तसं काही नाही हो, तुमचं आपलं काहीतरीच. बत्तीस वर्षांचे सगळे आकडे संशयित झाले होते. तिने आपल्याला फसवलं म्हणून तो चिडला होता, असं म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. तिने त्याला इतकं बरोबर मोजलं होतं, याची त्याला चीड होती. किती सोसेल, कुठे मोडेल, कोणत्या चढावर कोणतं वाक्य म्हणावं लागेल, याची जी चाचणी तिने घेतली होती ती त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी अचूक होती.

सराव चढत गेला आणि पडत गेला. पहिल्या एकट्या रविवारी रागानेच त्याला तीस किलोमीटर ओढून नेलं. गोदामांच्या लांब सरळ रस्त्याने तो धावला, कुत्री अंगावर आली तर त्यांच्यावरही खेकसला, आणि वेळ चांगली आली. इतकी चांगली की घरी जिना चढताना तो गुणगुणत होता. पुढच्या रविवारी बावीस किलोमीटरवर उलटी झाली आणि तो एका बंद पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर तासभर बसून राहिला. मग डाव्या पोटरीत गाठ आली. ती बर्फाने गेली, तर उजव्या टाचेत कळ निघाली. कोचबाईंनी त्याला मैदानाबाहेर गाठलं. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, पण बोलताना त्या कोणाचं वय बघत नसत. त्या म्हणाल्या, मीटरकाका, हट्ट सोडा, काकू तुम्हाला ओढतात तर ओढू द्या, लोक मुद्दाम वेग राखून देणारा पेसर लावून धावतात. त्यावर तो म्हणाला की पेसरच्या पाठीवर झेंडा असतो. "झेंड्यावर वेळ लिहिलेली असते, बाई. मी तुम्हाला ओढतोय, असं तो उघड सांगत जातो. बुटाची नाडी सुटली म्हणत नाही." कोचबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्हाला धावायचंय की भांडायचंय ते एकदा ठरवा, दोन्हीला मिळून ऑक्सिजन एकच आहे.

स्पर्धेला दहा दिवस राहिले असताना मुलीचा फोन आला. बाबा तुम्ही आईशी बोलत नाही म्हणे, असं तिने विचारलं. बोलतो की, त्याने सांगितलं, मीठ दे, दिवा बंद कर, रोज बोलतो. मुलगी हसली नाही. आई यंदा धावणारच नाही म्हणतेय, गुडघा दुखतोय म्हणाली, असं तिने सांगितलं. त्याने फोन ठेवला आणि तो सरळ बाहेरच्या खोलीत गेला. ती इस्त्री करत होती, उभ्याने, दोन्ही गुडघ्यांवर सारखा भार देऊन.

"कोणता गुडघा?"

तिने इस्त्री दाबली, वाफ निघाली.

"तू धावणार आहेस. आणि पूर्ण. राखून काही ठेवायचं नाही. मला तुझी वेळ पाहिजे, तुझी."

"आणि तुम्हाला पुन्हा त्या बसमध्ये बसावं लागलं तर?"

"तर बसेन."

तिने इस्त्री उभी केली. शर्ट त्याचाच होता, तिने तो खांद्यांना धरून एकदा झटकला, घडी घातली, घडीवर हात फिरवला. "गेल्या वर्षी तुम्ही घरी आलात," ती म्हणाली, "आणि मोजे काढायला दोन तास बसून राहिलात खुर्चीत. ते पुन्हा बघायचं मला नाही झेपणार."

तेच तीन शब्द. त्याने सवयीने कान दिला. चौतीस वर्षांचा तो कान, महिनाभर रात्रंदिवस याच एका आवाजावर लावून ठेवलेला. आणि त्याला काहीही कळलं नाही. खरं की खोटं, भाराबरोबर की भारानंतर, काही ओळखता आलं नाही. ती त्याच्याकडे पाहत होती आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं की कदाचित हा फरक तिलाही सांगता येत नसेल. राग तिथेच होता, बरगड्यांखाली, पण त्याला आता धरायला कड नव्हती, आणि बिनकडेचा राग जास्त दुखतो. तो म्हणाला, झेपव. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा कठोर निघाला. ती म्हणाली, "बरं. धावते." आणि दुसरा शर्ट घेतला.

स्पर्धेच्या सकाळी अपेक्षित वेळेप्रमाणे धावकांचे कप्पे केलेले होते. ती पुढच्या कप्प्यात गेली, तो सर्वांत मागच्या. गर्दीत तिची मान काही वेळ दिसली आणि मग भोंगा वाजला. ती वळून बघेल असं त्याला वाटलं होतं. वळली असती तर तो संतापला असता. ती वळली नाही. पहिले वीस किलोमीटर तो घड्याळाप्रमाणे धावला. शेजारी आवाज नव्हता. श्वास किती वाढला हे कळायला त्याला आता फक्त स्वतःचाच श्वास होता, आणि माणसाला स्वतःची धाप नीट ऐकू येत नाही, हे त्याला या महिनाभरात समजलं होतं. तो एकदा फार जलद गेला आणि एकदा, भीतीने, फार हळू. दातांचा डॉक्टर समोरच्या बाजूने परतताना दिसला, त्याने हात केला. ती त्याच्याही पुढून कधीच गेलेली असणार. ती समोरून गेली तेव्हा तो पाण्याच्या टेबलावर वाकलेला असणार, किंवा तिने मधल्या झाडांच्या रांगेचा आडोसा घेतला असणार. घेतला असेल का? हा विचार त्याला तीन किलोमीटर पुरला. सत्ताविसाव्या किलोमीटरपाशी राग संपला. विझला वगैरे नाही; टाकीतलं तेल संपावं तसा संपला, आणि खाली नुसते पाय उरले. त्या पायांत काही विशेष नव्हतं. दोन टाचा, दोन पोटऱ्या, डावी जरा जास्त दुखणारी. महिनाभर ज्याच्यावर आपण धावत होतो ते हे नव्हतंच, असं त्याला वाटलं, आणि तरीही ते एकामागून एक पडत होते.

पस्तिसाव्या किलोमीटरला मागून इंजिनाचा आवाज आला. मोठं इंजिन, पहिल्या गियरमध्ये, कंटाळलेलं. त्याने वळून पाहिलं नाही. पायरीवर या वेळी एक मुलगा होता, फार सभ्य. तो म्हणाला, काका, आता रस्ता उघडावा लागतो, आत या, नाहीतर नंबर काढून द्यावा लागेल, मग फुटपाथवरून तुमच्या जबाबदारीवर जा. दार उघडं होतं आणि आतला गार वारा त्याच्या ओल्या पाठीला लागला. तो वारा फार बरा होता. त्याने छातीवरच्या चार पिना एकेक करून उघडल्या, तिसरीला वेळ लागला, आणि तोपर्यंत बस त्याच्या वेगाने त्याच्याबरोबर सरकत राहिली. नंबरचा कागद त्याने मुलाच्या हातात दिला. मग तो फुटपाथवर चढला. बस पुढे गेली आणि तिच्यामागून सगळा शहराचा रविवार सुटला, मोटारी, सायकली, रिकाम्या पिशव्या घेऊन निघालेली माणसं. आता त्याला सिग्नलला थांबावं लागत होतं. एकेका लाल दिव्यापाशी तो जागच्या जागी पाय हलवत उभा राही, शेजारी एखादी बाई पिशवी धरून उभी असे आणि हा म्हातारा नाचतोय का असं बघे, आणि हातातलं घड्याळ चालूच राही. ते थांबवण्याची सोय होती. त्याने थांबवलं नाही. एका दुकानदाराने शटर धुताना पाण्याचा पाइप बाजूला घेतला आणि विचारलं, स्पर्धा संपली ना? संपली, असं त्याने धावतच सांगितलं.

मैदानावर कमान अर्धी खाली आली होती. तिच्यातली हवा काढत होते आणि ती एका अंगावर कलली होती. माणसं लोखंडी कठडे एकमेकांत अडकवून रचत होती. जमिनीवरची पांढरी रेघ मात्र होती. त्याने ती ओलांडली, घड्याळाची कळ दाबली आणि उभा राहिला. खाली बसलो तर उठवत नाही हे ठाऊक होतं म्हणून उभाच राहिला. ती एका कठड्याच्या पायावर बसलेली होती, बूट काढून, गळ्यात पदक. तिच्या गालावर मिठाच्या पांढऱ्या रेघा वाळल्या होत्या. ती उठली, अवघडत उठली, हात टेकून, आणि पाण्याची बाटली घेऊन अनवाणी त्याच्यापर्यंत आली. तिने त्याच्या छातीकडे पाहिलं. नंबर कुठाय, असं विचारलं. दिला, असं त्याने सांगितलं. तिने मान हलवली. छान, शाब्बास, बसा जरा, यातलं ती काहीच म्हणाली नाही. त्याने घड्याळ तिच्यापुढे धरलं. पाच तास त्रेचाळीस मिनिटं. वेळ संपून तेरा मिनिटं झाल्यावरचा, कुठेही न नोंदलेला आकडा, सिग्नलांसकट. वाईट आकडा होता आणि तो त्याचा होता. तिने तो नीट वाचला, जवळचा चष्मा नसल्यामुळे त्याचा हात धरून थोडा लांब करून वाचला.

मग विचारायची पाळी त्याची होती. महिनाभर त्याने हा प्रश्न धरून ठेवला होता. आणि आता, घोटभर पाणी तोंडात असताना, त्याच्या लक्षात आलं की तिने खोटं सांगितलं तर आपल्याला चालेल. थोडं कमी करून सांगावं, माझं काय हो, झालं कसंतरी, असं काहीतरी म्हणावं, असं त्याला वाटत होतं. इतकं तीव्रपणे वाटत होतं की त्याला स्वतःचाच राग आला, त्या दिवसातला शेवटचा आणि सर्वांत स्वच्छ. त्याने पाणी गिळलं.

"तुझी वेळ?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. पलीकडे कमान पूर्ण खाली बसली आणि दोन माणसं तिच्यावर चालत उरलेली हवा काढू लागली.

"पूर्ण सांग," तो म्हणाला.

"चार तास, सहा मिनिटं, बावीस सेकंद."